पाणी दुधाळ झालं म्हणून फिश टँक धुतला आणि मासेच मेले. असं का होतं?

शनिवारी दोन फुटी टाकी घरी येते. खाली काळी माती, तिच्यात चार-पाच प्रकारची रोपं, मधोमध एक वाकडं लाकूड आणि वर एलईडी लाइट. रील्समध्ये दिसतं तसं छोटंसं जंगल हॉलमध्ये तयार. रविवारी हौसेने दहा-बारा मासे सोडले जातात. फोटो स्टेटसला जातो.

मंगळवारी सकाळी बघावं, तर टाकीत कुणी तांदूळ धुतलेलं पाणी ओतलंय असं वाटतं. मागची रोपं दिसत नाहीत. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करतायत.

मग जे कुणीही करेल तेच होतं. मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी उपसायचं, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून त्याचा मूळ रंग दिसेपर्यंत पिळायचा, दगड घासायचे आणि ताजं पाणी भरायचं. संध्याकाळी टाकी एकदम चकाचक.

गुरुवारी पाणी पुन्हा दुधाळ. आणि यावेळी दोन मासे तरंगताना दिसतात.

दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले, असं सगळ्यांना वाटतं. तसं होतही असेल. पण बऱ्याचदा मासे मरतात ते गढूळ पाण्यामुळे नाही, तर ते पाणी साफ करण्याच्या घाईमुळे. हे कसं, ते समजून घ्यायचं तर आधी टाकीत नेमकं काय चालू असतं ते बघावं लागेल.

टाकीतला खरा सफाई कामगार दिसत नाही

मासा कल्ल्यांमधून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य आणि कुजलेली पानंही अमोनिया तयार करतात. नदीत किंवा तळ्यात पाणी इतकं असतं की हा अमोनिया विरून जातो. ५० लिटरच्या टाकीत त्याला जायला जागा नसते.

इथे कामाला येतात नायट्रिफाइंग बॅक्टेरिया. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया माशांचे कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी करतं. नायट्रेट मात्र त्या मानाने बरंच सौम्य असतं आणि रोपं ते खत म्हणून वापरतात. यालाच नायट्रोजन सायकल म्हणतात.

हे काम नेमकं कोण करतं, यावर संशोधकांचाही बराच काळ वेगळा समज होता. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतात असं पुस्तकांत असायचं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की, गोड्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियममध्ये हे काम नायट्रोस्पायरा गटातले बॅक्टेरिया करतात. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करणारे नायट्रोस्पायरा सापडले. त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच मिळाले होते.

घरच्या टाकीसाठी यातली महत्त्वाची गोष्ट एकच. हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजला, मातीला, दगडाला आणि पानांना चिकटून राहतात. आणि त्यांची वाढ अतिशय संथ असते. त्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारण अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणून नवीन टाकी तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात.

आता नळाखाली पिळलेला तो स्पंज आठवा. त्याला चिकटलेला तपकिरी चिखल म्हणजे घाण वाटते, पण हे बॅक्टेरिया त्यातच राहत असतात. वरून नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. आपल्या पोटात जंतू जाऊ नयेत म्हणून ते असतं. पण क्लोरीनला चांगले आणि वाईट जंतू यातला फरक कळत नाही.

म्हणजे टाकी धुतली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. मासे तेवढेच, अमोनिया तेवढाच, तो संपवणारे बॅक्टेरिया मात्र गायब.

मग करायचं काय? आधी एक ग्लास पाणी काढा

गढूळ पाणी हा आजार नाही, लक्षण आहे. ताप आला म्हणजे नेमकं काय झालंय ते आधी बघावं लागतं, तसंच हे. त्यासाठी साध्या काचेच्या ग्लासात टाकीतलं पाणी घ्या आणि मागे पांढरा कागद धरून उजेडात बघा. मग तो ग्लास तीन-चार तास न हलवता ठेवून द्या.

तळाला गाळ बसून वरचं पाणी स्वच्छ झालं, तर ती धूळ आहे. काहीच खाली न बसता पाणी दुधाळच राहिलं, तर बहुतेक वेळा ते बॅक्टेरिया असतात. हिरवी झाक दिसली तर शेवाळ. पाणी पारदर्शक आहे पण रंग कोऱ्या चहासारखा आहे, तर तो लाकडाचा अर्क.

चारही गोष्टींचा उपाय वेगळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला केला की गडबड होते.

१. पाणी भरल्या भरल्या गढूळ : ही नुसती धूळ

वाळू किंवा खडी नीट धुतली नसेल, किंवा पाणी वरून धारेने ओतलं असेल, तर बारीक कण उडतात. माशांना याचा फारसा त्रास नसतो. फिल्टर चालू ठेवला तर एक-दोन दिवसांत पाणी निवळतं. फिल्टरमध्ये पांढऱ्या फिल्टर कापसाचा थर टाकला तर आणखी लवकर.

पुढच्या वेळी वाळू बादलीत घेऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मात्र रोपांसाठी मिळणारी अ‍ॅक्वा सॉइल, म्हणजे काळ्या गोळ्यांची माती, अशी धुवायची नसते, तिचे गोळे फुटतात. पाणी भरताना मातीवर एक ताटली किंवा प्लॅस्टिकची पिशवी ठेवा आणि तिच्यावर हळू धार सोडा.

२. दोन-चार दिवसांनी दुधाळ : बॅक्टेरियाचा पूर

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हे बॅक्टेरिया वर सांगितलेले नायट्रिफाइंग बॅक्टेरिया नाहीत. हे सेंद्रिय कचऱ्यावर जगतात, पाण्यात तरंगतात आणि अनुकूल परिस्थितीत तासाभरात किंवा त्याहून कमी वेळात दुप्पट होतात. एवढे वाढतात की पाणी पांढरट दिसायला लागतं.

प्लांटेड टँकमध्ये त्यांना खायला भरपूर मिळतं. दुकानात मिळणारी बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात लावली की त्यांची जुनी पानं गळतात, विरघळतात आणि मग नवी पानं येतात. नव्या लाकडातूनही सेंद्रिय द्रव्य सुटतं. खतयुक्त अ‍ॅक्वा सॉइल पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया सोडते. त्यात आपण दिवसातून तीनदा खाद्य टाकतो.

हे बॅक्टेरिया माशांवर थेट हल्ला करत नाहीत. धोका असतो ऑक्सिजनचा, कारण तो ते झपाट्याने वापरतात. उन्हाळ्यात प्रश्न अजून वाढतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. शिवाय रात्री लाइट बंद झाला की रोपंही ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात. म्हणून मासे पहाटे वर येऊन धापा टाकताना दिसतात.

उपाय असा :

- एअर पंप लावा, किंवा फिल्टरचं तोंड असं वळवा की पाण्याचा पृष्ठभाग हलत राहील.
- निरोगी मोठ्या माशांना दोन-तीन दिवस खाद्य देऊ नका. तेवढ्याने त्यांचं काही बिघडत नाही.
- विरघळणारी, पिवळी पडलेली पानं कापून बाहेर काढा.
- फिल्टर २४ तास चालू ठेवा आणि त्याला हात लावू नका.
- रोज किंवा एक दिवसाआड २५ टक्के पाणी बदला.

२ फूट बाय १ फूट बाय १ फूट टाकीत कागदावर साधारण ५५ लिटर पाणी मावतं. माती, दगड आणि वरची रिकामी जागा वगळली तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास असतं. म्हणजे २५ टक्के पाणी बदलायचं तर एक बादलीही पूर्ण लागत नाही.

एवढं केलं की हा पूर काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. खायला संपलं की बॅक्टेरिया कमी होतात. याउलट सगळं पाणी बदललं तर एक दिवस छान दिसतं, पण कचरा मातीत तसाच असतो. उरलेले बॅक्टेरिया पुन्हा वाढतात आणि पाणी पुन्हा दुधाळ होतं.

३. हिरवं पाणी : इथे वाट बघून चालत नाही

पाणी पालकाच्या सूपसारखं दिसायला लागलं तर ते सूक्ष्म शेवाळ आहे. हे काचेवर चिकटणारं शेवाळ नाही, पाण्यातच तरंगणारं आहे. त्याच्या पेशी इतक्या बारीक असतात की साध्या स्पंजमधून आरपार जातात.

कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं, किंवा दोन्ही. एक, टाकी खिडकीजवळ किंवा बाल्कनीत आहे आणि तिच्यावर थेट ऊन येतं, किंवा लाइट दिवसभर चालू असतो. दोन, पाण्यात अमोनिया आणि खतांचं प्रमाण जास्त झालंय.

हिरवं पाणी विषारी नसतं. माशांची पिल्लं वाढवणारे लोक ते मुद्दाम तयार करतात. पण घरच्या टाकीत ते रोपांचा उजेड अडवतं आणि रात्री ऑक्सिजन खातं. नुसतं पाणी बदलून ते जात नाही, कारण उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात.

यावर दोन उपाय चालतात. पहिला फुकटचा आहे, तो म्हणजे ब्लॅकआउट. टाकी जाड चादरीने ३-४ दिवस पूर्ण झाकायची. मध्ये डोकावायचं नाही, खाद्य द्यायचं नाही. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावला असेल तर तो बंद आणि एअर पंप चालू. रोपं थोडी मलूल होतात, पण सावरतात. चादर काढल्यावर ३० ते ५० टक्के पाणी बदलायलाच हवं, कारण मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया तयार करतं.

दुसरा उपाय म्हणजे यूव्ही स्टरिलायझर. पाणी अतिनील दिव्याजवळून फिरतं आणि तरंगणाऱ्या पेशी मरतात. काही दिवसांत पाणी स्वच्छ होतं. फिल्टरला चिकटलेल्या बॅक्टेरियांना त्याने धक्का लागत नाही, कारण ते दिव्यासमोर येतच नाहीत.

पण मूळ कारण तसंच राहिलं तर हिरवं पाणी परत येणार. लाइट रोज ६ ते ८ तासच ठेवा. टायमर लावला की विसरायचा प्रश्न येत नाही. टाकी उन्हातून हलवा. आणि हॉर्नवर्ट, वॉटर विस्टेरियासारखी भराभर वाढणारी रोपं जास्त लावा. ती अमोनिया थेट शोषून घेतात आणि शेवाळाच्या ताटातलं पळवतात.

४. कोऱ्या चहाचा रंग : घाबरायचं काही नाही

लाकडातून टॅनिन सुटतं, चहाच्या पानातून सुटतं तसंच. दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो नदीचं पाणी याच प्रकारच्या द्रव्यांमुळे काळपट दिसतं आणि निऑनसारखे कितीतरी छोटे मासे अशाच पाण्यातले. म्हणजे माशांना हे चालतं. आपल्या डोळ्यांना नको असेल, तर लाकूड टाकीत ठेवण्याआधी उकळा किंवा आठवडाभर बादलीत भिजवा. टाकीत ठेवून झालं असेल, तर फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाका.

वर्षभर चांगली असलेली टाकी अचानक गढूळ झाली तर?

इथे कारण नवखेपणा नसतं, काहीतरी घडलेलं असतं. म्हणून गेल्या दोन-तीन दिवसांत काय बदललं ते आठवा.

मासे मोजा. एखादा कमी असेल तर झाडीमागे किंवा लाकडाखाली मेलेला असू शकतो. घरातल्या लहान मुलाने किंवा पाहुण्यांनी खाद्याची अर्धी डबी ओतली का, ते विचारा. एखादं मोठं रोप मुळासकट उपटलं असेल तर मातीतला साठलेला कचरा वर येतो.

लाइट गेली होती का? फिल्टर तासन्‌तास बंद राहिला तर आतल्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ते मरायला लागतात. तोच फिल्टर मग चालू झाला की आतलं कुजकं पाणी टाकीत येतं. लोडशेडिंग जिथे नेहमीचं आहे तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर हा स्वस्तातला विमा आहे.

औषध टाकलं होतं का, हेही बघा. दुकानातून सर्रास दिलं जाणारं निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, फिल्टरमधल्या बॅक्टेरियांना आणि रोपांना नुकसान करू शकतं. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात काढून तिथेच औषध दिलेलं बरं.

आणि पावसाळ्यात नळाचं पाणीच गढूळ येतं. नदी-धरणातला गाळ वाढला की जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखी रसायनं आणि क्लोरीन यांचं प्रमाणही वाढवावं लागतं. या दिवसांत बादलीतलं पाणी आधी निवळू द्या आणि मगच टाकीत घाला. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं. क्लोरामाइन मात्र तसं उडत नाही. त्यामुळे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकणं जास्त सुरक्षित.

बोअरचं पाणी वापरत असाल तर हे वाचाच

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विषारी अमोनिया, दुसरा त्या मानाने निरुपद्रवी अमोनियम. कोणतं रूप किती, हे पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतं. पीएच ७ वरून ८ झाला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळपास १० पट होतं.

बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि जास्त पीएचचं असतं. गढूळ टाकीत अमोनिया साठलेला असताना असं पाणी एकदम निम्म्याहून जास्त भरलं, तर निपचित पडून असलेलं अमोनियम विषात बदलतं. पाणी स्वच्छ दिसतं आणि मासे तडफडतात. म्हणून पाणी थोडं थोडं बदलायचं.

यातूनच दुसरी गोष्ट लक्षात येते. अमोनियाला रंग नसतो. काचेसारखं पारदर्शक पाणीही माशांसाठी विष असू शकतं आणि चहाच्या रंगाचं पाणी पूर्ण सुरक्षित. डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं थेंबांचं किट घ्या. दोन्हीचा आकडा शून्य आला की टाकी तयार झाली असं समजायचं.

हे उपाय लोक करतात, पण करू नयेत

तुरटी फिरवणं. हंड्यातल्या पाण्याला ते ठीक आहे. टाकीत तुरटीमुळे पीएच घसरतो आणि माशांचे कल्ले चोंदू शकतात.

खडे मीठ टाकणं. पाणी त्याने निवळत नाही आणि बरीच पाणवनस्पती मीठ सहन करत नाही.

पाणी स्वच्छ करणाऱ्या बाटलीवर भिस्त ठेवणं. ती कण एकत्र चिकटवते, फिल्टर ते अडवतो. धुळीवर उपयोग होतो. पण खाद्य जास्त पडत असेल तर आठवड्याने पुन्हा तेच.

सफाईला म्हणून सकर मासा आणणं. तो काचेवरचं शेवाळ खातो, पाण्यातला पांढरेपणा नाही. स्वतः भरपूर विष्ठा करतो आणि वाढून फूटभराहून मोठा होतो. मग कुणीतरी तो नदीत सोडतं आणि तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो.

मासे आत्ता धापा टाकतायत, तर काय?

तेव्हा कारण शोधत बसू नका. एअर पंप पूर्ण वेगाने लावा. २५ ते ३० टक्के पाणी बदला. नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्या पाण्याच्याच तापमानाचं असू द्या. खाद्य बंद. मेलेला मासा, कुजकी पानं लगेच बाहेर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच पाणी बदला.

फिल्टरमधून पाणीच येत नसेल इतका तो तुंबला असेल, तरच तो धुवायचा. तोही टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-तीनदा हलकेच दाबून. स्पंज पुन्हा नव्यासारखा दिसायची गरज नाही. पाणी वाहायला लागलं की बस.

आणि टाकी अजून आणायचीच असेल तर

मग सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्याच हातात आहे. टाकी लावा, रोपं लावा, फिल्टर चालू करा आणि मासे आणू नका. साधारण महिनाभर नुसती रोपं वाढू द्या. पाणी या काळात दुधाळ होईल, निवळेल, कदाचित थोडं हिरवं होईल, पुन्हा निवळेल. पाणी हवं तितकं बदला, त्रास व्हायला आत कुणीच नसेल. कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. बॅक्टेरियांची वस्ती त्याच्यासोबत आयतीच येते.

मग किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की मासे आणा. तेही एकदम बारा नाही, आधी तीन-चार. आठवड्याने पुढचे. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

घरात लहान मुलं असतील तर ती रोज विचारतील, मासे कधी येणार? त्यांना ग्लासात पाणी आणि मागे पांढरा कागद धरायला द्या. टाकी कधी तयार होते, ते त्यांनाच आधी दिसेल.